मंगळावरच्या वसाहतीचे युद्ध कसे लिहावे

मराठीत विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांची हस्तलिखिते वाचताना एक गोष्ट मला वारंवार आढळते. मंगळावरची वसाहत लेखकाने मोठ्या कष्टाने उभी केलेली असते, तिथले बोगदे, शेती, पाण्याची वाटणी यांचा विचार केलेला असतो, आणि युद्धाचे प्रकरण सुरू होताच तो सारा विचार बाजूला पडून दुसऱ्या महायुद्धातील विमानांची लढत अंतराळात नेऊन ठेवलेली दिसते. जहाजे गिरक्या घेतात, पोकळीत स्फोटांचे आवाज घुमतात आणि पृथ्वीवरचा सेनापती मंगळावरच्या तुकडीला तत्काळ हुकूम देतो. याचे वाईट वाटते ते केवळ भौतिकशास्त्र चुकते म्हणून नव्हे. खऱ्या नियमांतून जे अवघड, माणसाला कसोटीला लावणारे प्रसंग निघाले असते, ते लेखकाच्या हातून निसटतात, याचे वाईट वाटते.

पुढील विवेचनात पृथ्वीवरील सत्ता आणि मंगळावरची बंडखोर वसाहत यांच्यातील संघर्ष उदाहरणादाखल घेतला आहे, कारण मंगळाविषयी मोजून मिळालेली माहिती आपल्याजवळ भरपूर आहे. अशा युद्धाचा निकाल शस्त्र उचलण्याच्या आधी बराचसा तीन हिशेबांत ठरलेला असतो, असे माझे मत आहे : तारखांचा हिशेब, इंधनाचा हिशेब आणि उष्णतेचा हिशेब. हे तीन हिशेब लेखकाने कथेच्या आधी मांडले, तर कथानकातील बहुतेक वळणे त्यांतूनच मिळतात.

आधी तारखांची वही घालावी

पृथ्वीवरून मंगळाकडे कमीत कमी इंधनात जाण्याचा मार्ग म्हणजे सूर्याभोवतीच्या एका लंबवर्तुळाचा अर्धा भाग होय. जर्मन अभियंता वाल्टर होमान याने १९२५ मध्ये तो मांडला. या मार्गाने जाण्यास सुमारे २५९ दिवस लागतात, आणि दोन्ही ग्रह त्यासाठी योग्य जागी असण्याचा योग सुमारे ७८० दिवसांनी, म्हणजे साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा येतो. त्याला आपण मुहूर्त म्हणू. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले, अमेरिकेचे मेव्हन त्याच महिन्याच्या १८ तारखेला निघाले, आणि दोन्ही याने सप्टेंबर २०१४ मध्ये दोन-तीन दिवसांच्या फरकाने मंगळाच्या कक्षेत शिरली. जुलै २०२० च्या उत्तरार्धात संयुक्त अरब अमिराती, चीन आणि अमेरिका या तिघांची याने थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने सुटली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिन्ही मंगळापाशी पोहोचली. यात योगायोग नव्हता. सर्वांच्या हाती एकच पंचांग होते.

युद्धाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. पृथ्वीवरील सरकारने वसाहतीवर आरमार पाठवायचे ठरवले, तर ते कोणत्या महिन्यात निघेल आणि कोणत्या महिन्यात येऊन ठेपेल, हे वसाहतीतील शाळकरी मुलालाही सांगता येईल. गुप्तता तारखेची राहत नाही, हेतूची तेवढी राहते : नेहमीच्या मालवाहू ताफ्यातील कोणत्या जहाजात गहू आहे आणि कोणत्या जहाजात सैनिक आहेत, एवढेच काय ते लपवता येते. मंगळावर पोहोचलेल्या आरमाराला त्याच काटकसरीच्या मार्गाने परतायचे असेल, तर परतीच्या मुहूर्ताची साडेचारशे दिवसांच्या आसपास वाट पाहावी लागते, म्हणजे जाणे, थांबणे आणि येणे मिळून सुमारे ९७० दिवस होतात. अधिक इंधन खर्चून लवकर जाता येते, पण ती किंमत कोणी आणि कशातून दिली हे कथेत दिसले पाहिजे. अडीच वर्षांहून जास्त काळ घराबाहेर राहणारी फौज, तिच्या मागे बदललेले सरकार, आणि ज्या कारणासाठी ती निघाली ते कारण पोहोचेपर्यंत उरले आहे की नाही याची शंका : एवढ्यावरच एक कादंबरी उभी राहू शकते.

दोन ग्रहांमधील अंतर सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरपासून चाळीस कोटी किलोमीटरपर्यंत बदलते, त्यामुळे प्रकाशाला किंवा रेडिओ संदेशाला एका बाजूने जाण्यास तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर, छापण्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी, त्या दिवसाचे अंतर आणि संदेशाला लागणारा वेळ लिहून ठेवावा. त्याच वहीत आणखी एक नोंद करावी. साधारण सव्वीस महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि सूर्याच्या सान्निध्यामुळे संदेश विस्कळीत होतात. अशा वेळी नासा आपल्या मंगळावरील यानांना नवे आदेश पाठवणे सुमारे दोन आठवडे थांबवते. सूर्यापासून दूर, बाजूला एखादा दळणवळण उपग्रह ठेवून हा खंड टाळता येतो, परंतु मग तो उपग्रह हेच युद्धातील पहिले लक्ष्य ठरते. बंड करायचे असेल तर ते या दोन आठवड्यांत करावे, हे वसाहतीला सुचेल, आणि ते आपल्याला सुचेल हे पृथ्वीलाही ठाऊक असेल.

इंधनाची खतावणी

रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले अग्निबाणाचे समीकरण प्रत्येक लेखकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने सोडवून पाहावे. त्याचा मथितार्थ असा की, वेगात हवा असलेला बदल सारख्या पायऱ्यांनी वाढवत नेला, तर इंधन मात्र पटीत वाढत जाते. समजा, माणसे, शस्त्रे, सांगाडा असे सगळे मिळून जहाजाचे वजन १०० टन आहे आणि इंजिन द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन जाळणारे, उत्तम प्रतीचे आहे, ज्यातून वायू सेकंदाला ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. या जहाजाला एकूण ४.४ किलोमीटर प्रतिसेकंद इतका वेगबदल साधण्यासाठी १७२ टन इंधन लागेल. त्याच्या दुप्पट वेगबदलासाठी ६३९ टन लागेल आणि तिप्पट हवा असेल तर सुमारे १,९०० टन. दुपटीच्या उदाहरणात सेनापतीने दहा टनांचे चिलखत चढवण्याचा आग्रह धरला, तर त्या हट्टापायी आणखी ६४ टन इंधन भरावे लागेल. अणुभट्टीने हायड्रोजन तापवून सोडणारी इंजिने यापेक्षा जवळपास दुपटीने कार्यक्षम असतात. अमेरिकेने १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात ती प्रत्यक्ष चालवून पाहिली होती, पुढे तो प्रकल्प बंद झाला. आयन इंजिने त्याहून कितीतरी काटकसरी आहेत, परंतु आजवर उडालेल्या अशा इंजिनांचा रेटा तळहातावर ठेवलेल्या एक-दोन कागदांच्या वजनाइतकाच असतो. त्यांनी महिनोन्महिने वेग वाढवता येतो, पण क्षेपणास्त्र चुकवता येत नाही.

या खतावणीतून निघणारा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, अंतराळात शत्रूला मारण्यासाठी त्याला गोळी लागलीच पाहिजे असे नाही. मंगळाकडे येणाऱ्या जहाजाने पोहोचल्यावर वेग कमी केला नाही, तर मंगळाचे गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवू शकत नाही, आणि ते बाजूने निघून सूर्याभोवतीच्या कक्षेत चालू लागते. म्हणून बचाव करणाऱ्या वसाहतीने शत्रूला वारंवार बाजूला सरकायला भाग पाडले आणि त्याचे थांबण्यासाठी राखून ठेवलेले इंधन त्यात जाळवले, तर ते जहाज अभंग राहूनही हरते. त्यातील माणसे जिवंत असतात. त्यांच्याजवळ काही महिन्यांचे अन्न आणि हवा असते, ती घरच्यांशी बोलू शकतात, ज्यांनी त्यांना हुकवले त्या वसाहतीशीही बोलू शकतात, आणि कोणाच्याही जहाजात त्यांना गाठून परत आणण्याइतके इंधन नसते. माझ्या मते अंतराळयुद्धाच्या कथेत लिहिण्याजोगा याहून कठोर प्रसंग क्वचितच सापडेल. जहाजाच्या कप्तानाने प्रत्येक वेळी सरकण्याचा हुकूम देताना खतावणीतील उरलेला आकडा वाचकाला दिसला पाहिजे. मग त्या प्रकरणात एकही स्फोट नसला तरी चालते.

उष्णता आणि लपाछपी

पोकळीत उष्णता वाहून नेणारी हवा नसते, त्यामुळे जहाजातील अणुभट्टी, यंत्रे आणि माणसे यांची सारी उष्णता शेवटी अवरक्त किरणांच्या रूपानेच बाहेर टाकावी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या छायाचित्रांत सौर पट्ट्यांच्या जोडीला जे पांढरे, घड्या घातलेल्या पडद्यांसारखे पट्टे दिसतात, ते यासाठीच आहेत. त्यांत अमोनिया फिरतो आणि ते सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतात. एक मेगावॅट उष्णता खोलीच्या तापमानाला टाकायची असेल, तर दोन्ही बाजूंनी उत्सर्जन करणारा सुमारे अकराशे चौरस मीटरचा रेडिएटर, म्हणजे उष्णता टाकणारा असा पट्टा, लागतो. तोच रेडिएटर तापवून एक हजार केल्विनपर्यंत नेला, तर नऊ चौरस मीटर पुरतात. जहाजाचा आराखडा करताना लेखकाला येथे निवड करावी लागते : मोठे, थंड आणि सहज फाटणारे शीड हवे, की लहान, लालबुंद आणि दुरून चमकणारा पट्टा हवा.

लढाईच्या वेळी हे पट्टे मिटून घेता येतात, मात्र त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. जहाजात उष्णता साठवण्यासाठी एक टन बर्फ ठेवले असेल, तर एक मेगावॅट उष्णतेने ते सुमारे साडेबारा मिनिटांत वितळून उकळीला येते. दहा टन बर्फ असेल तर दोन तास. त्यानंतर पट्टे उघडावे लागतात, नाहीतर माणसे आतल्या आत भाजतात. शरणागतीची खूण म्हणून पांढऱ्या निशाणाऐवजी उघडलेले रेडिएटर दाखवता येतील, कारण ज्याने ते उघडले त्याने आपला सर्वांत नाजूक भाग शत्रूसमोर केलेला असतो.

अंतराळात लपता येते का, या प्रश्नावर हौशी लेखकांत टोकाची मते आढळतात. उत्तर मधले आहे. पुण्याजवळ नारायणगाव परिसरात खोडद येथे असलेल्या जीएमआरटी या दुर्बिणीने, ज्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळाच्या वातावरणात उतरत असलेल्या युरोपीय स्कियापारेली यानाचा क्षीण रेडिओ संकेत थेट पकडला होता. त्या दिवशी संकेताला पृथ्वीपर्यंत यायला पावणेदहा मिनिटे लागत होती. त्या यानाने काही दुर्बिणीसाठी संदेश पाठवला नव्हता, तरी कुठे कान लावायचा हे ठाऊक असल्यामुळे तो ऐकू आला. इंजिन पेटवलेले जहाज तर याच्या कितीतरी पटींनी ठळक असते, आणि त्याचा उजेड व वेगवाढ यांवरून त्याचे वजनही काढता येते, त्यामुळे हलकी नकली जहाजे सोडून शत्रूला फसवणे सोपे नाही. याच्या उलट, इंजिन बंद असलेली, थंड, लहान वस्तू शोधणे खरोखर अवघड असते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा पाषाण येऊन फुटला आणि फुटलेल्या काचांनी शेकडो माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाही दिसला नव्हता. तेव्हा लपवायचे असेल तर जहाज लपवू नये. महिन्यांपूर्वी सोडून दिलेला, सूर्याच्या बाजूने गुपचूप वाहत येणारा सुरुंग लपवावा.

शस्त्रांविषयी

शस्त्रांवर लेखक पाने खर्च करतात, परंतु येथे थोडक्यात भागते. लेसरचा झोत दूर जाताना पसरतोच. एक मीटर व्यासाच्या आरशातून सोडलेला, एक मायक्रॉन तरंगलांबीचा झोत हजार किलोमीटरवर सुमारे अडीच मीटर रुंद होतो आणि तीन लाख किलोमीटरवर सातशे मीटरहून अधिक. तिथे तो कोणालाही जाळू शकत नाही. फार तर कॅमेऱ्याला दिपवू शकेल. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने फेकलेल्या गोळ्याला तेच तीन लाख किलोमीटर कापायला आठ तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जहाजाने सेकंदामागे सेकंदाला एक मिलिमीटर इतक्या क्षुल्लक गतीने वेग बदलत ठेवला, तरी ते अपेक्षित जागेपासून साडेचारशे किलोमीटर दूर गेलेले असते. म्हणून दूरवरून नेम धरून मारणे निरर्थक ठरते, स्वतः वळू शकणारी क्षेपणास्त्रे लागतात, आणि जवळची चकमक अगदी अल्पकाळ चालते. एकमेकांकडे सेकंदाला दहा किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने येणारी दोन जहाजे हजार किलोमीटरच्या टप्प्यात आल्यापासून पुन्हा टप्प्याबाहेर जाईपर्यंत दोनशे सेकंद जातात. त्या दोनशे सेकंदांत मनुष्य निर्णय घेत नाही. ते निर्णय त्याने आधीच्या चार महिन्यांत घेऊन यंत्राला सांगितलेले असतात, आणि कथेने ते चार महिने लिहावेत.

अणुस्फोटाबाबत एक दुरुस्ती आवश्यक आहे. पोकळीत त्याचा धक्का पसरवायला हवा नसते. जो अपाय होतो तो क्ष-किरणांनी आणि इतर प्रारणांनी होतो. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर केलेल्या स्टारफिश प्राइम चाचणीने चौदाशे किलोमीटरवरील हवाई बेटांवर रस्त्यांवरचे काही दिवे बंद पाडले, आणि पुढील महिन्यांत स्फोटामुळे पृथ्वीभोवती तयार झालेल्या कृत्रिम प्रारणपट्ट्यामुळे अनेक उपग्रह निकामी झाले. त्यांत ते शस्त्र उडवणाऱ्या देशाचे स्वतःचे उपग्रहही होते.

आकाशातून पाषाण पाडून शहरे नष्ट करण्याची कल्पना लेखकांना फार मोह घालते. तिची मोजणी करून पाहावी. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळणारी एक टन वस्तू सुमारे बारा टन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा मोकळी करते, म्हणजे ती एका मोठ्या बॉम्बहून फार निराळी नसते. मोठा लघुग्रह वळवून आणणे हे तर दीर्घ मुदतीचे काम आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे सुमारे ५८० किलोचे डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डिमॉर्फस या दीडेकशे मीटरच्या खडकावर आदळले, तेव्हा त्याच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला काही मिलिमीटर इतकाच होता. लघुग्रहाचे शस्त्र म्हणजे वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललेली तयारी, आणि ती थांबवण्याची संधी शत्रूला रोज मिळत असते.

वसाहत म्हणजे वेढ्यातला तळ

जहाज सरकू शकते, वसाहत सरकू शकत नाही. या युद्धातील सगळी विषमता येथून सुरू होते, आणि म्हणूनच कथेचा गाभा जहाजांच्या गर्दीत न शोधता वसाहतीच्या भिंतींच्या आत शोधावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असतो आणि तीत बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावरील गाडीवर बसवलेल्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन तयार करून दाखवला, आणि सर्व प्रयोगांत मिळून त्याने जो १२२ ग्रॅम ऑक्सिजन दिला, तो एका माणसाला सुमारे साडेतीन तास पुरला असता. दहा हजार माणसांची वसाहत असेल तर रोज साडेआठ टनांच्या आसपास ऑक्सिजन लागेल, आणि तो तयार करणाऱ्या यंत्रांना वीज लागेल. वीज सौर पट्ट्यांची असेल, तर २०१८ च्या जागतिक धुळीच्या वादळाचे उदाहरण समोर आहे, ज्यात सूर्य झाकोळून गेला आणि चौदा वर्षे चाललेल्या ऑपॉर्च्युनिटी गाडीचा संपर्क त्या जूनमध्ये कायमचा तुटला. वीज अणुभट्टीची असेल, तर तिचे सुटे भाग कुठून येतात हा प्रश्न उरतो. लेखकाने वसाहतीची यादी करताना प्रत्येक गरजेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती जागेवर किती तयार होते, तिचा साठा किती दिवसांचा आहे, आणि ती तयार करणाऱ्या यंत्राचा कोणता भाग पृथ्वीवरून येतो. तिसऱ्या रकान्यात युद्धाचे खरे कारण आणि खरे शस्त्र दोन्ही सापडतात. पाणी, हवा आणि अन्न स्वतः पिकवणाऱ्या वसाहतीलाही संगणकाच्या चिपा, औषधे, पंपांची सूक्ष्म बेअरिंगे लागतात, आणि पृथ्वीने दोन मुहूर्त माल पाठवला नाही, तर सुमारे चार वर्षांत ती एकही गोळी न झेलता मोडकळीस येते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली, त्याआधी कित्येक आठवडे मराठ्यांच्या छावणीची रसद तुटलेली होती, फौजेबरोबर आलेल्या हजारो बुणग्यांचे आणि यात्रेकरूंचे पोट भरायचे होते, आणि अखेरीस उपासमारीनेच सैन्याला मैदानात उतरवले. वसाहतीत तर सगळेच यात्रेकरू असतात. तिथे लढणारे आणि न लढणारे एकाच टाकीतील हवा घेतात. वेढा घालणाऱ्याने वीज तोडली तर ती शस्त्रागाराचीही तुटते आणि प्रसूतिगृहाचीही, आणि हे ठाऊक असूनही तो हुकूम कोणी लिहिला, कोणत्या शब्दांत लिहिला, हे कथेने पाहावे.

भिंतीला छिद्र पडताच माणसे बाहेर ओढली जातात, हे दृश्य मात्र टाळावे. एक हजार घनमीटरच्या दालनाला एक सेंटिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर आतली हवा निम्म्यावर यायला सुमारे बारा तास लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात दोनेक मिलिमीटरचे छिद्र आढळले, तेव्हा अंतराळवीरांनी ते आधी चिकटपट्टीने आणि मग इपॉक्सीने बुजवले. छिद्र शोधत, कान लावत, रात्रभर दालनादालनांतून फिरणारी तुकडी हे अधिक खरे दृश्य आहे, आणि अधिक भीतिदायकही.

वसाहत कुठे वसवावी याचाही विचार येथेच करावा. उत्तरेकडील आर्केडिया मैदानात पृष्ठभागाखाली बर्फ असल्याच्या खुणा आहेत. २४ डिसेंबर २०२१ रोजी शेजारच्या ॲमेझॉनिस मैदानात काही मीटर रुंदीचा एक उल्कापाषाण कोसळून सुमारे दीडशे मीटरचे विवर पडले, तेव्हाही आतून बर्फाचे ढेकळे बाहेर फेकले गेले. इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने तो आघात नोंदवला होता. बॉम्बहल्ल्याचे वर्णन करणाऱ्याने त्या विवराची छायाचित्रे समोर ठेवावीत, आणि भूकंपमापक हा वसाहतीचा पहारेकरीही होऊ शकतो हे लक्षात घ्यावे.

फोबोस कोणाच्या हाती

मंगळाचा आतला चंद्र फोबोस सुमारे बावीस किलोमीटरचा आहे आणि तो पृष्ठभागापासून केवळ सहा हजार किलोमीटर उंचीवर फिरतो. साडेसात तासांहून थोड्याच अधिक वेळात तो एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे मंगळाच्या दिवसापेक्षा कितीतरी आधी, आणि म्हणून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. ज्याच्या हाती फोबोस त्याच्या नजरेखाली मंगळाचा बहुतेक भाग दिवसातून साधारण दोनदा जातो. बहुतेक, पण सगळा नाही : सत्तर अक्षांशांच्या पलीकडे, ध्रुवांकडे, फोबोस क्षितिजाच्या वर येतच नाही. ध्रुवांवर बर्फही आहे. बंडखोरांनी दुसरी, गुप्त वसाहत कुठे उभारावी, हे भूगोलच सांगतो, आणि लेखकाला ते फक्त ऐकायचे असते.

मंगळाच्या कक्षेत प्रत्यक्ष गोळीबार करण्याचे परिणाम दोन्ही पक्षांनी भोगायचे असतात. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी आपलाच जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून अधिक उंचीवर फोडला, तेव्हा मागोवा घेता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले आणि त्यांतील पुष्कळ वर्षानुवर्षे फिरत राहिले. भारताने २७ मार्च २०१९ रोजी मिशन शक्तीमध्ये उपग्रह पाडला तो मुद्दाम सुमारे तीनशे किलोमीटरच्या खालच्या कक्षेत, जेणेकरून तुकडे लवकर वातावरणात जळून जावेत. मंगळाच्या कक्षेत पृथ्वीचे आरमार उडवून देणाऱ्या वसाहतीने आपलेच बंदर कचऱ्याने बुजवलेले असते, आणि पुढच्या मुहूर्ताला औषधे घेऊन येणारे जहाज त्याच कचऱ्यातून उतरणार असते.

हुकूम आणि तह

बावीस मिनिटांनी पोहोचणाऱ्या संदेशात संवाद होत नाही. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत पाऊण तास जातो. त्यामुळे दोन ग्रहांवरील पात्रांनी एकमेकांना पत्रे लिहावीत, लांब, विचारपूर्वक, समोरचा काय विचारील याचा अंदाज घेऊन आधीच उत्तर देणारी. मराठी गद्याला पत्रांची आणि बखरींची जुनी सवय आहे आणि ती येथे कामाला येईल. आरमाराच्या प्रमुखाला निघतानाच पुष्कळ अधिकार द्यावे लागतात, आणि तो ते कसे वापरतो यावर पृथ्वीवरून केवळ नंतर टीका करता येते. कायद्याची चौकट हवी असेल तर १९६७ चा अंतराळ करार वाचावा. त्याच्या चौथ्या कलमानुसार अण्वस्त्रे व इतर सामूहिक संहाराची शस्त्रे कक्षेत ठेवण्यास आणि खगोलांवर लष्करी तळ उभारण्यास मनाई आहे. त्यामुळे कथेतील पहिल्या तळाला काहीतरी दुसरे नाव द्यावे लागेल : संशोधन केंद्र, बचाव पथक, बंदर पोलीस.

शेवटच्या प्रकरणात तह लिहिताना एक गोष्ट बहुतेक हस्तलिखितांत सुटलेली असते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात गेंट येथे २४ डिसेंबर १८१४ रोजी तह झाला होता, तरी ती वार्ता समुद्रापार पोहोचण्याआधी ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली. अंतराळात संदेश लवकर पोहोचेल, पण महिन्यांपूर्वी सोडलेले, इंजिन बंद करून वाहत येणारे अस्त्र तो ऐकेलच असे नाही. म्हणून तहाच्या मसुद्यात दोन्ही बाजूंनी आधी सोडलेल्या प्रत्येक अस्त्राची कक्षा आणि तारीख देणारी यादी जोडावी, आणि ती यादी पूर्ण आहे की नाही हे ज्याला ठाऊक आहे असे एक तरी पात्र, वसाहतीत कक्षांचे गणित करणारा एखादा सामान्य कारकून, त्या रात्री जागे ठेवावे.